घटक ४ : प्रकट श्रद्धा आणि रोजचे जीवन – मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे सांगण्याचे सामाजिक परिणाम स्पष्ट करता येतील.
• बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात आणि लेखनात श्रद्धेची प्रकटता कोणत्या रूपांत दिसते, ते सांगता येईल.
• श्रद्धा प्रकट करणे आणि श्रद्धेचा प्रसार करणे यांतील फरकाची चर्चा करता येईल.
• आत्मचरित्र वाचताना घरगुती तपशिलांचा अर्थ लावता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मराठी आत्मचरित्राचा उदय अभ्यासला. या घटकात त्याच प्रवाहातील एका महत्त्वाच्या धारेकडे आपण वळणार आहोत. ही धारा ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या मराठी स्त्रीपुरुषांच्या आत्मकथनांची आहे.

धर्मांतराची हकीकत म्हटली की सामान्यतः तीन प्रश्न विचारले जातात : धर्म का बदलला, केव्हा बदलला आणि कोणाच्या प्रभावाने बदलला? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि साहित्याच्या विद्यार्थ्याने याहून वेगळा एक प्रश्न विचारावयास हवा. मनात श्रद्धा बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यक्ती कशी जगली? पाणी कोणत्या घागरीतून प्याली, जेवावयास कोठे बसली, प्रार्थनेच्या वेळी दार लावले की उघडे ठेवले, आईने किंवा पत्नीने विचारले तेव्हा काय उत्तर दिले?

श्रद्धा ही अंतःकरणातील गोष्ट असल्याने ती झाकून ठेवणे शक्य असते. रोजचे जीवन मात्र चारचौघांत घडते. म्हणून श्रद्धा उघडपणे जगण्याचा निर्णय शेवटी स्वयंपाकघर, पाणवठा, पंगत, पेहराव आणि नाव या ठिकाणी घ्यावा लागतो. प्रस्तुत घटकात आपण हाच धागा धरून तीन व्यक्तींचा विचार करणार आहोत. कोणत्याही धर्माचे मंडन वा खंडन हा येथे हेतू नाही. एक माणूस आपल्या विश्वासाशी प्रामाणिक राहू पाहतो तेव्हा त्याच्या घराचे, नात्यांचे व भाषेचे काय होते, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पार्श्वभूमी : उघड होण्याची किंमत

अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले. या मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळा चालू होत्या. या शाळांत येणारी उच्चवर्णीय मुले इंग्रजी शिकत, बायबल वाचत आणि बहुतेक सर्व जण घरी परत जात. एखाद्याने बाप्तिस्मा घेण्याची इच्छा बोलून दाखवली की मात्र सारे चित्र पालटे.

१८४३ मधील शेषाद्री बंधूंचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. नारायण शेषाद्री यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजून लहान होता आणि तोही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले व न्यायालयाने श्रीपतला वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु मुलगा परत आल्याने प्रश्न संपला नाही. ख्रिस्ती लोकांबरोबर राहिलेल्या, त्यांच्या घरचे अन्न खाल्लेल्या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे काय, यावर मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून घेण्याचा पक्ष घेतला. सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. मुलाच्या मनात काय आहे, यापेक्षा त्याने कोणाचे अन्न खाल्ले, हा त्या वादाचा कळीचा मुद्दा होता, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

त्या काळी धर्म हा विचारांचा विषय होता, त्याहून अधिक तो अन्नपाण्याचा व सोयरिकीचा विषय होता. मनाने कोणी काय मानतो याची चौकशी समाज फारशी करीत नसे. आचार मोडला आणि तो सर्वांसमक्ष मोडला की माणूस वाळीत पडे. कुटुंबीय त्याला मेलेला समजत. त्याची पत्नी नवरा जिवंत असून विधवेसारखी होई. कायद्यालाही या परिस्थितीची दखल घ्यावी लागली. धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाऊ नये, अशी तरतूद १८५० च्या कायद्याने केली. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीबरोबर तिचा जोडीदार राहावयास तयार नसेल तर काय करावे, यासाठी १८६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. श्रद्धा उघड करण्याचे परिणाम मालमत्तेपर्यंत आणि विवाहापर्यंत कसे पोहोचत होते, याची साक्ष हे दोन कायदे देतात.

४.२.२ गुप्त पाव आणि उघड बाप्तिस्मा : बाबा पदमनजी

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगाव येथे कासार कुटुंबात झाला. घरातील वातावरण धार्मिक होते. बेळगाव व मुंबई येथील मिशनच्या शाळांत त्यांचे शिक्षण झाले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या हिंदू विधवांच्या स्थितीवरील पुस्तकामुळे मराठी कादंबरीच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रभागी येते. ‘अरुणोदय’ (१८८८) हे त्यांचे आत्मचरित्र होय.

या आत्मचरित्राचे एक ऐतिहासिक मूल्य असे की, परमहंस मंडळीविषयीची माहिती त्यातून मिळते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या मंडळीत दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान होते. एकच ईश्वर मानावा, मूर्तिपूजा करू नये, जातिभेद पाळू नये, ही तिची तत्त्वे. त्या काळाच्या मानाने ती अत्यंत पुरोगामी होती. सभासद होताना पावाचा तुकडा खावा लागे. आज आपणांस हा विधी किरकोळ वाटेल. परंतु परजातीच्या हातचा पाव खाणे म्हणजे त्या वेळी जात मोडणेच होते.

अडचण एवढीच होती की, हे सर्व गुप्तपणे चाले. मंडळीत जात मोडावयाची आणि घरी परतल्यावर पुन्हा सोवळे नेसून पंगतीला बसावयाचे, असा हा दुहेरी व्यवहार होता. समाजातील बहुसंख्य लोक आपल्या मताचे होईपर्यंत उघड व्हावयाचे नाही, असे सभासदांचे धोरण होते. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी विस्कळीत झाली.

बाबा पदमनजी काही काळ या मंडळीचे सभासद होते. त्यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ वाचताना या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. एका बाजूला गुप्तपणे खाल्लेला पाव आहे, तर दुसऱ्या बाजूला सर्वांसमक्ष घेतलेला बाप्तिस्मा. जातिभेद चुकीचा आहे, ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती. फरक उघडपणाचा होता. मनात एक व घरात एक असे जगणे त्यांना अशक्य होत गेले, आणि त्यांच्या आत्मचरित्रातील खरा संघर्ष या ठिकाणी आहे.

तथापि परमहंस मंडळीच्या सभासदांना भित्रे ठरवून मोकळे होणे अभ्यासकाला शोभणार नाही. त्यांच्यापुढे आईवडील होते, मुलींची लग्ने होती, घरातील स्त्रिया होत्या. गुप्तता हा त्यांच्या लेखी काही काळासाठीचा उपाय होता. हे लक्षात घेतले म्हणजे बाबा पदमनजींच्या निर्णयाचे मोलही कळते आणि त्याचे दुःखही. आपल्या निर्णयाने आईवडिलांना किती यातना होतील, हे ठाऊक असूनही त्यांनी तो घेतला. ‘यमुनापर्यटना’ची नायिका यमुना ही मिशनशाळेत शिकलेली आहे आणि तीही शेवटी ख्रिस्ती होते. स्वतःच्या बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनी लिहिलेल्या या कादंबरीत लेखकाने आपला प्रश्न एका स्त्रीच्या आयुष्यात ठेवून पाहिला आहे, असे म्हणता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक कोणत्या वर्षी सुरू झाले?
२. परमहंस मंडळीत प्रवेश करताना काय करावे लागे?
(आ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. श्रीपत शेषाद्रीला पुन्हा जातीत घेण्यास बाळशास्त्री जांभेकरांनी विरोध केला.
२. ‘अरुणोदय’ ही बाबा पदमनजींची कादंबरी आहे.

४.२.३ उघडे दार : पंडिता रमाबाई

बाबा पदमनजींचा प्रश्न एका व्यक्तीचा व तिच्या कुटुंबाचा होता. पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत हाच प्रश्न एका संस्थेच्या छपराखाली उभा राहिला, त्यामुळे त्याला वेगळे परिमाण लाभले.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला संस्कृत विद्येमुळे कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ असे किताब मिळाले होते. पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याच पुण्यात या बातमीने खळबळ उडाली.

रमाबाईंच्या श्रद्धेची प्रकटता दोन दिशांनी पाहावी लागते. पहिली दिशा इंग्लंडमधील त्यांच्या ख्रिस्ती हितचिंतकांकडे जाते. तेथेही रमाबाई शाकाहारीच राहिल्या. ख्रिस्ती झाल्यावरही हा आग्रह कशाला, असे तेथील धर्मभगिनींना वाटे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असतात. त्यांऐवजी आपल्या देशातील स्त्रियांना जवळची असलेली संस्कृत अक्षरे का नसावीत, असाही प्रश्न रमाबाईंनी केला होता. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. स्वदेशीयांपुढे ‘मी ख्रिस्ती आहे’ असे म्हणणाऱ्या रमाबाई परदेशीयांपुढे ‘मी हिंदुस्थानची आहे’ असे तितक्याच ठामपणे म्हणत होत्या. एकीपुढे एक रूप आणि दुसरीपुढे दुसरे, असा सोयीचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

दुसरी दिशा शारदा सदनाची आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी त्यांनी हे सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. सदनात कोणत्याही धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असे धोरण होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी या विश्वासावर सदनाला पाठिंबा दिला होता.

रमाबाई स्वतः मात्र रोज बायबल वाचत व प्रार्थना करीत. त्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावणे नव्हते, कोणाला मनाई नव्हती. सदनात मुलींना आपली पूजाअर्चा करण्यास आडकाठी नाही, तर मग मीच माझ्या प्रार्थनेच्या वेळी दार का लावावे, अशी रमाबाईंची भूमिका होती.

यावरून जो वाद पेटला त्याची परिणती १८९३ मध्ये झाली. रानडे-भांडारकर प्रभृती सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध तोडला, ‘केसरी’ने सदनावर कठोर टीका केली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजू काळजीपूर्वक समजून घेणे आवश्यक आहे. रमाबाईंच्या बाजूने असे म्हणता येते की, स्वतःची श्रद्धा आपल्याच खोलीत लपवून पाळावी लागणे ही तटस्थता नव्हे. तीही एक बळजबरीच. पालकांच्या व सल्लागारांच्या बाजूने असे म्हणता येते की, सदनातील मुली अल्पवयीन होत्या, निराधार होत्या. ज्या बाईने आसरा दिला, शिकवले, प्रेम दिले, तिच्या खोलीचे उघडे दार त्यांच्या दृष्टीने केवळ दार राहत नाही, ते आमंत्रण होते. देणारा व घेणारा यांच्यात बळाचे एवढे अंतर असताना कोणी ‘आपण होऊन’ आले, असे किती प्रमाणात म्हणता येईल?

हा प्रश्न त्या काळापुरता नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करणे, तो आचरणे व त्याचा प्रसार करणे, यांचा उल्लेख वेगवेगळ्या शब्दांनी केला आहे. या तिन्ही क्रिया भिन्न आहेत. मात्र प्रत्यक्ष जीवनात त्यांच्या सीमारेषा किती पुसट होतात, हे शारदा सदनाच्या उघड्या दारापाशी दिसते. रमाबाईंच्या आचरणात लपवाछपवी नव्हती, एवढे मात्र त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आले नसते. सदनाची प्रतिष्ठा, देणग्या आणि मित्र जातील हे दिसत असूनही त्यांनी दार लावले नाही. पुढे केडगाव येथे त्यांनी मुक्ति सदन उभारले व दुष्काळातील शेकडो स्त्रियांना आश्रय दिला. ते सदन ख्रिस्ती संस्था म्हणूनच उघडपणे चालले.

४.२.४ वेगळी चूल : लक्ष्मीबाई टिळक

आतापर्यंत आपण श्रद्धा प्रकट करणाऱ्याच्या बाजूने पाहिले. त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या बाजूने हीच घटना कशी दिसते? मराठी साहित्यात या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सापडते. हे आत्मचरित्र चार भागांत, १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही दोन वर्षे टिळकांच्या मनातील मंथनाची होती. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र मंथन आले नाही. त्यांना निकालच ऐकावा लागला. एका बातमीने त्यांचे घर, दर्जा आणि भवितव्य पालटून गेले. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपूरला राहिल्या. पतिपत्नींचा हा वियोग सुमारे पाच वर्षांचा होता.

येथे लक्ष्मीबाईंचे माहेर ध्यानात घ्यावे. त्यांच्या वडिलांचे सोवळे कमालीचे कडक होते. बाजारातून आलेल्या जिनसाही धुतल्याशिवाय घरात येत नसत. अशा घरातून आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने नवऱ्याचे ख्रिस्ती होणे म्हणजे मतभेद नव्हता. त्याने दिलेले पाणी आता तिला पिता येणार नव्हते, एवढा तो प्रश्न मूर्त होता.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे अहमदनगरला आल्या, तेव्हा त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. आपले पाणी वेगळे ठेवले. आपण या प्रसंगाकडे जरा थांबून पाहू. येथे एकाच कुटुंबात दोन प्रामाणिक माणसे आहेत. पती आपली श्रद्धा उघडपणे जगतो आहे आणि पत्नीही आपली श्रद्धा तितक्याच उघडपणे जगते आहे. नवऱ्याला बरे वाटावे म्हणून ती पटले नसताना ख्रिस्ती झाल्याचे सोंग करीत नाही. लोकांना बरे वाटावे म्हणून नवऱ्याला कायमचे टाकीतही नाही. तिची वेगळी चूल ही तिची साक्ष आहे.

यानंतरचा बदलही आधी अन्नपाण्यातच झाला. जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसांनी केला आहे, असा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, राहुरी येथे झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. टिळकांच्या बाबतीत वाचन, चिंतन व मग आचार असा प्रवास झाला. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत घागर व ताट यांच्याशी असलेले नाते आधी बदलले आणि श्रद्धेचे नाव नंतर आले. दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले, परंतु वाटा स्वतंत्र होत्या. पत्नी पतीच्या मागोमाग गेली, एवढ्यावर हा विषय आटोपणे म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ न वाचण्यासारखेच आहे.

‘स्मृतिचित्रां’तील प्रकटतेचा आणखी एक विशेष आहे. टिळक थोर कवी होते, ख्रिस्ती समाजात त्यांना मोठा मान होता. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून, टिळकांच्या चरित्रासाठी म्हणून लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहावयास घेतल्या होत्या. असे असूनही टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, हातातले सारे देऊन टाकण्याची वृत्ती आणि त्यामुळे संसाराची होणारी ओढाताण त्यांनी झाकलेली नाही. स्वतःचे अज्ञान, हट्ट आणि फजितीही त्यांनी हसतहसत सांगितली आहे. धर्मांतरितांच्या कथनात पूर्वायुष्य अंधाराचे आणि नंतरचे सारे प्रकाशाचे, असा साचा पुष्कळदा आढळतो. लक्ष्मीबाई या साच्यात बसत नाहीत. त्यांचे सोवळ्यातले माहेरही त्यांना प्रिय आहे आणि ख्रिस्ती घरातील भांडणेही त्यांना दिसतात. म्हणून त्यांच्या श्रद्धेवर वाचकाचा विश्वास बसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
रिकाम्या जागा भरा.
१. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन प्रथम ........ येथे सुरू केले.
२. लक्ष्मीबाई टिळकांनी ........ येथे बाप्तिस्मा घेतला.
३. ‘स्मृतिचित्रे’ एकूण ........ भागांत प्रसिद्ध झाले.

४.२.५ श्रद्धा सांगण्याची भाषा

श्रद्धा उघड करावयाची तर ती कोणत्या शब्दांत? हा प्रश्न या सर्वांपुढे होता आणि भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे.

समाजाकडे धर्मांतरासाठी एक तयार शब्द होता : ‘बाटणे’. हे क्रियापद अकर्मक आहे. घागर बाटते, विहीर बाटते, तसा माणूस बाटतो. यात माणसाच्या विचाराला वा निर्णयाला स्थान नाही. त्याला काहीतरी लागले व तो बिघडला, एवढाच अर्थ आहे. उलट, ख्रिस्ती लेखक ‘स्वीकारणे’, ‘शरण जाणे’, ‘साक्ष देणे’ अशी क्रियापदे वापरतात. त्यांत कर्ता स्पष्ट आहे. ‘साक्ष’ हा शब्द मूळचा पाहण्याशी जोडलेला. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. न्यायालयात साक्षीदार आपण पाहिले तेवढेच सांगतो, त्याप्रमाणे ख्रिस्ती परंपरेतील साक्ष ही स्वतःच्या अनुभवाची असावी अशी अपेक्षा असते. रमाबाईंनी १९०७ मध्ये आपल्या श्रद्धेचा प्रवास सांगणारे पुस्तक लिहिले, तेही साक्षीच्याच स्वरूपाचे आहे. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार या लेखकांना इतका जवळचा का वाटला, याचे एक कारण येथे मिळते.

नावांचाही विचार करा. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई ही नावे धर्मांतरानंतरही तीच राहिली. हाक मारताच माणूस परका वाटू नये, ही जाणीव त्यामागे दिसते. टिळकांनी तर ख्रिस्तभक्ती अभंगांतून गाइली, कीर्तनातून सांगितली. तुकारामांचे ऋण ते मोकळेपणाने मान्य करीत. अखेरच्या काळात मिशनच्या वेतनाचा त्याग करून १९१७ मध्ये त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती.

मिशनरी प्रकाशनांतील आरंभीच्या मराठीवर इंग्रजी वाक्यरचनेची छाप असल्याची टीका नेहमी होते. ती रास्त आहे. परंतु लक्ष्मीबाईंपर्यंत येताना ही छाप पूर्णपणे पुसली गेलेली दिसते. त्यांची भाषा माजघरातली, ओसरीवरची आहे. माजघरातल्या भाषेत श्रद्धा सांगता येऊ लागली, तेव्हा ती खऱ्या अर्थाने मराठी जीवनाचा भाग झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

४.३ सारांश

या घटकात आपण श्रद्धेच्या प्रकटतेची तीन रूपे पाहिली. बाबा पदमनजींनी गुप्त सुधारणेचा मार्ग सोडून उघड बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवले आणि त्याची संस्थात्मक किंमत मोजली. त्याच वेळी आश्रितांच्या मोकळिकीचा अवघड प्रश्नही त्या दारापाशी उभा राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी पटेपर्यंत वेगळी चूल ठेवली व पटल्यावर ती मोडली.

तिघांच्याही बाबतीत काही गोष्टी समान आढळतात. श्रद्धेचा कस व्यासपीठापेक्षा घरात लागला. श्रद्धा उघड करणाऱ्याने किंमत मोजली, तशी त्याच्या आप्तांनीही मोजली, आणि पुष्कळदा त्यांना विचारलेही गेले नव्हते. ज्या लेखनाने ही दुसरी किंमतही नोंदवली, ते अधिक टिकले. आपल्या विश्वासाविषयी उघड असणे याचा अर्थ या लेखनात दुसऱ्याच्या दुःखाविषयीही उघड असणे असा होतो. ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचले जाते याचे कारण यात शोधता येईल.

४.४ शब्दार्थ

वाळीत टाकणे – जातीने किंवा गावाने सर्व व्यवहार तोडणे
सोवळे – धार्मिक शुचितेची अवस्था. त्या वेळी नेसण्याचे वस्त्र
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणारा जलसंस्कार
नवा करार – बायबलचा येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण असलेला उत्तरार्ध
प्रभृती – इत्यादी, वगैरे (व्यक्तींविषयी)
माजघर – घराचा आतील, मधला भाग

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. १८४२ मध्ये. २. पावाचा तुकडा खावा लागे. (आ) १. अयोग्य. २. अयोग्य.
प्रश्न २ : १. मुंबई २. राहुरी ३. चार

४.६ स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. परमहंस मंडळीची गुप्तता आणि बाबा पदमनजींचा उघड बाप्तिस्मा यांची तुलना करा. दोन्ही भूमिकांमागील कारणे लिहा.
२. शारदा सदनाच्या वादात तुम्ही सल्लागार मंडळाचे सदस्य असता तर कोणती भूमिका घेतली असती? रमाबाईंची बाजू आधी पूर्णपणे मांडून मग आपले मत लिहा.

(आ) टिपा लिहा
१. ‘बाटणे’ व ‘साक्ष देणे’ या शब्दप्रयोगांतील दृष्टिभेद
२. लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

(इ) उपक्रम
‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाचा कोणताही एक भाग मिळवून वाचा. अन्न, पाणी, वस्त्र, भांडी किंवा दार यांचा उल्लेख असलेले पाच प्रसंग वहीत उतरवून घ्या. प्रत्येक प्रसंगात कोणाची श्रद्धा उघड होते आणि त्याची झळ कोणाला पोहोचते, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. त्यानंतर आपल्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला. एखाद्या मतामुळे किंवा आचारामुळे घरात वेगळे पडावे लागल्याची आठवण त्यांना असल्यास ती त्यांच्याच शब्दांत नोंदवा. अध्ययन केंद्रातील संपर्कसत्रात या नोंदींवर चर्चा करा.